जिवंत वनस्पतींच्या आधारे फिश टँकचे पाणी स्वच्छ ठेवणे : ठाणे आणि नवी मुंबईतील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅटमध्ये ठेवलेल्या, साधारण ४० ते १२० लिटर पाण्याच्या, गोड्या पाण्यातील माशांच्या टाक्यांना धरून ही उत्तरे लिहिली आहेत. समुद्री माशांच्या टाकीला यांतील बहुतेक गोष्टी लागू पडत नाहीत.

वनस्पती पाणी शुद्ध करतात म्हणजे नेमके काय करतात?

माशांच्या खाद्यातील प्रथिनांचे शरीरात विघटन झाले की अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. न खाल्लेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. टाकीतील खडीवर, काचेवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही माशांना घातक असतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते, परंतु ते साचत जाते आणि साध्या फिल्टरमधून बाहेर पडत नाही.

वनस्पती या साखळीत पहिल्याच पायरीवर हात घालतात. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम (पाण्यात अमोनियाचेच असणारे एक रूप) आधी उचलतात, कारण त्यापासून प्रथिने बनवण्यास त्यांना कमी ऊर्जा लागते. अमोनियम संपत आले की त्या नायट्रेटकडे वळतात. सोबत फॉस्फेट आणि काही प्रमाणात जड धातूही शोषले जातात. त्यांची पाने आणि मुळे जीवाणूंना राहण्यासाठी मोठा पृष्ठभाग पुरवतात, आणि दिवसा पाण्यात प्राणवायू मिसळतो तो वेगळाच.

मात्र येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची जवळजवळ सर्व उत्तरे तिच्यावर उभी आहेत. वनस्पतीने शोषलेला नत्र (अमोनिया आणि नायट्रेटमधला नायट्रोजन) नाहीसा होत नाही, तो पानात आणि देठात साठतो. ते पान टाकीतच कुजले तर सगळा नत्र पुन्हा पाण्यात येतो. म्हणून हिरवीगार पण वाढ खुंटलेली टाकी पाणी फारसे शुद्ध करत नाही. नवी वाढ होत राहणे आणि ती वाढ छाटून टाकीबाहेर काढणे, या दोन गोष्टी मिळूनच गाळण पूर्ण होते.

ही कल्पना अलीकडची आहे का?

नाही. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला होता. त्यांनी एका काचपात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवले होते. वनस्पतीची जुनी पाने सडून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी सडका भाग खाल्ला आणि टाकीचा तोल सावरला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी तळाशी साधी माती, तिच्यावर वाळूचा थर आणि भरपूर वनस्पती अशी पद्धत तपशीलवार मांडली. ही पद्धत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग विजेवर चालणारा फिल्टर काढून टाकावा का?

आपल्या हवामानात मी तसे सुचवणार नाही. वनस्पती विरघळलेले पदार्थ शोषतात; पाण्यात तरंगणारा गाळ त्या पकडत नाहीत. पाणी हलते ठेवण्याचे कामही त्यांच्याकडून होत नाही. २५ अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम, आणि एप्रिल-मे महिन्यांत ठाण्यातील वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचे पाणी ३० अंशांच्या पुढे सहज जाते. अशा वेळी पृष्ठभाग हलता असणे माशांच्या जिवाशी निगडित असते.

लहान एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. त्याला वीज थोडी लागते आणि त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. वीज काही तास गेली तरी वनस्पतींनी भरलेली टाकी दिवसा तग धरते. रात्रीसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलेला बरा. मोठे, जोरदार प्रवाहाचे फिल्टर आणि कोळशाच्या पिशव्या यांवर अशा टाकीत खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

किती वनस्पती लावल्या म्हणजे पुरतात?

रोपांची संख्या मोजण्यापेक्षा खाद्याचा हिशेब मांडावा, कारण टाकीत येणारा जवळजवळ सगळा नत्र खाद्यातूनच येतो. समजा, ६० लिटरच्या टाकीत आठवड्याला २ ग्रॅम कोरडे खाद्य पडते आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत. प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नत्र असतो, म्हणजे आठवड्याला सुमारे १२८ मिलिग्रॅम नत्र टाकीत आला. तो सगळा नायट्रेटच्या रूपात साचला, तर दर आठवड्याला लिटरमागे ९ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट वाढेल आणि महिन्याभरात ते ४० च्या आसपास पोहोचेल. नायट्रेट शक्यतो २० च्या आत ठेवावे आणि ४० च्या वर जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आता दुसरी बाजू पाहू. वाळलेल्या पाणवनस्पतीत साधारण ३ टक्के नत्र धरला आणि ताज्या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते हे लक्षात घेतले, तर १२८ मिलिग्रॅम नत्र बांधून ठेवण्यासाठी आठवड्याला सुमारे ५० ग्रॅम ओली वाढ लागते. पाणी निथळलेला ५० ग्रॅम पाला म्हणजे ओंजळभर. दर आठवड्याला एवढा पाला छाटून निघत असेल, तर वनस्पती आपले काम पूर्ण करीत आहेत असे समजावे. निघत नसेल, तर एक तर खाद्य कमी करावे, नाही तर जलद वाढणारी रोपे वाढवावीत. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण दुकानात मिळणाऱ्या ‘इतक्या लिटरला इतकी रोपे’ या सल्ल्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात.

सुरुवातीला तळाचा निदान दोन-तृतीयांश भाग झाकला जाईल इतकी लागवड एकाच वेळी करावी. दोन-चार रोपांनी सुरुवात करून हळूहळू भर घालण्याच्या पद्धतीत मधल्या काळात शेवाळ जागा पटकावते.

कोणत्या वनस्पती निवडाव्यात?

शुद्धीकरणासाठी जलद वाढणाऱ्याच घ्याव्यात. हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला या चारही भारतात निसर्गतः आढळणाऱ्या असल्यामुळे त्यांना आपली उष्णता मानवते. त्यांना हीटर लागत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडेही लागत नाही. हॉर्नवर्टला मुळे नसतात, त्यामुळे ती सरळ पाण्यात सोडून द्यावी. व्हॅलिस्नेरिया तळाशी धावत्या फांद्या सोडत पसरते. तिचा कोंब रोवताना मुळांचा आणि पानांचा सांधा मातीवर उघडा ठेवावा, अन्यथा ती कुजते.

तरंगत्या वनस्पतींचा जोर वेगळ्या कारणाने असतो. पिस्टिया, साल्व्हिनिया आणि डकवीड यांची पाने हवेत असल्यामुळे त्यांना कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून मिळतो. पाण्यात हा वायू फार संथपणे पसरतो आणि बुडालेल्या वनस्पतींची वाढ बहुधा त्याच्याच अभावी अडते. ज्या टाकीत मासे थोडे जास्त झाले आहेत, तिथे तरंगत्या वनस्पती सर्वांत लवकर फरक दाखवतात. मात्र त्यांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग व्यापू नये, नाहीतर खालची रोपे प्रकाशाविना मरतात.

अनुबियास आणि जावा फर्न दिसायला सुंदर आणि टिकाऊ आहेत, परंतु त्यांची वाढ इतकी मंद असते की गाळणीच्या हिशेबात त्यांना धरू नये.

घरातील मनीप्लांटची मुळे टाकीत सोडली तर चालते का?

उत्तम चालते. मुळे पाण्यात आणि पाने काठाबाहेर, अशी रचना ठेवावी. कुंडीतून काढलेल्या वेलाची माती पूर्ण धुऊन घ्यावी आणि त्यावर पूर्वी कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करावी. पाने पाण्यात बुडू देऊ नयेत, ती सडतात. पहिल्या दोन आठवड्यांत जुनी मुळे थोडी काळी पडून गळतात आणि नंतर पाण्यात टिकणारी नवी पांढरी मुळे फुटतात. ज्यांच्याकडे टाकीवर चांगला दिवा नाही, पण बाजूला खिडकीचा उजेड आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग सर्वांत सोपा आणि जवळजवळ बिनखर्चाचा आहे.

नळाचे पाणी थेट वापरता येते का? आमच्याकडे टँकर येतो, त्याचे काय?

ठाण्याला भातसा आणि उल्हास या नद्यांचे पाणी मिळते, तर नवी मुंबई महापालिकेचा मुख्य पुरवठा खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून होतो. हे पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे बोअरवेलच्या तुलनेत मऊ, म्हणजे कमी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे, असते आणि बहुतेक वनस्पतींना मानवते. अडचण क्लोरीनची असते, आणि वनस्पती क्लोरीन काढून टाकत नाहीत. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटचे अँटी-क्लोरीन बाटलीवरील प्रमाणात घालावे. सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर वापरली असेल, तर पुढचे दोन-तीन दिवस फिश टँकचे पाणी बदलूच नये. ही सूचना सोसायटीच्या फलकावर असते, पण ती वाचून फिश टँक आठवणारे थोडे.

टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी बरेचदा जड असते आणि खाडीलगतच्या भागांत त्यात क्षारही असू शकतात. व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट जड पाण्यात चांगल्या वाढतात, त्यामुळे अशा घरांनी त्यांच्यावर भर द्यावा. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा क्षार मागेच राहतात आणि वरून पुन्हा जड पाणी भरले की ते वाढत जातात. म्हणून आटलेल्या पाण्याची भर शक्य तर आरओच्या पाण्याने करावी. संपूर्ण टाकी मात्र आरओच्या पाण्याने भरू नये, कारण त्यात वनस्पतींना लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ उरलेले नसते.

पाण्याच्या सामूचा (पीएचचा) या सगळ्याशी काय संबंध आहे?

फार जवळचा आहे. पाण्यातील एकूण अमोनियाचा काही भाग विषारी मुक्त अमोनियाच्या रूपात आणि उरलेला तुलनेने निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि सामू ८ झाला तर तो सुमारे ७ टक्के होतो. म्हणजे चाचणीचा आकडा तोच असूनही धोका जवळपास नऊपट वाढतो. दाट लागवडीच्या टाकीत वनस्पती दिवसभर कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सामू चढतो, विशेषतः मऊ पाण्यात. म्हणून नव्या टाकीची अमोनिया चाचणी दिवे मालवण्याआधी, संध्याकाळी करावी. सकाळचा सामू समाधानकारक दिसतो, पण तो दिवसभराचे चित्र सांगत नाही. चाचणीसाठी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा संच घ्यावा.

तळाशी कोणती माती आणि वाळू घालावी?

घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांमध्ये मिळणारी साधी तांबडी माती चालते, पण ती शेणखत, गांडूळखत किंवा युरिया न मिसळलेली असावी. खत मिसळलेल्या मातीतून पहिल्या आठवड्यांत इतका अमोनिया सुटतो की मासे वाचत नाहीत. काळी माती बारीक चिकणमातीची असते, ती पाण्यात लवकर बसत नाही, ती टाळावी. माती चाळून सुमारे अडीच सेंटिमीटरचा थर द्यावा आणि त्यावर तेवढाच धुतलेल्या जाड वाळूचा थर पसरावा. मातीचा थर याहून जाड केला, तर खाली प्राणवायू न पोहोचल्याने दुर्गंधीयुक्त वायू साचतात.

कोकणातला जांभा लोहयुक्त असतो आणि लोह वनस्पतींना हवेच असते, त्यामुळे त्याचा मूठभर चुरा मातीत मिसळता येतो. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणू नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. वाळू कुठलीही असली तरी तिच्यावर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे आणि ती पाण्याचा सामू वाढवील.

प्रकाश किती वेळ द्यावा?

सुरुवातीला दिवसाला ६ तास आणि वाढ स्थिरावल्यावर ७ ते ८ तास, तोही टायमर लावून. ६५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा एलईडी पुरतो. पश्चिमेच्या खिडकीतील थेट ऊन पाणी तापवते आणि शेवाळ वाढवते, म्हणून टाकी तिथे ठेवू नये. खिडकीच्या उजेडावर अवलंबून असलेल्या टाक्यांची वाढ जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत मंदावते आणि त्याबरोबर शुद्धीकरणही मंदावते. त्या महिन्यांत दिव्याचा आधार द्यावा किंवा खाद्य कमी करावे.

नव्या टाकीत मासे कधी सोडावेत?

रोपांना नवी पाने फुटलेली दिसेपर्यंत थांबावे. यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नर्सरीतील रोपे पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, आणि पाण्यात गेल्यावर त्यांची जुनी पाने गळून पाण्यातली वेगळी पाने येतात. या गळतीच्या काळात वनस्पती पाणी शुद्ध करण्याऐवजी त्यात भरच घालतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि नेमके तेव्हाच मासे आणले जातात. सलग काही दिवस अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की गप्पी, झेब्रा किंवा रासबोरा असे चार-पाच लहान मासे सोडावेत आणि दोन आठवड्यांनी पुढचे आणावेत. गोल्डफिश या टाकीत ठेवू नयेत: ते कोवळी पाने खातात, रोपे उपटतात आणि त्यांच्या आकारमानाने घाणही फार करतात.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. वनस्पती तर प्राणवायू देतात ना?

त्या प्रकाशात देतात. अंधारात त्याही माशांप्रमाणे आणि जीवाणूंप्रमाणे प्राणवायू वापरतात, त्यामुळे दाट टाकीत पहाटे तो सर्वांत कमी असतो. एअर पंप रात्री आवाज करतो म्हणून बंद ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. या टाकीत उलट रात्रीच तो चालू हवा. तरंगत्या वनस्पती लगेच निम्म्या काढाव्यात, तळातील सडकी पाने उचलावीत आणि संध्याकाळचे खाद्य कमी करावे. एवढे करूनही मासे वर येत राहिले, तर अमोनिया आणि नायट्राइट तपासावे, कारण त्यांचा त्रासही असाच दिसतो.

पाने पिवळी पडतात किंवा त्यांना भोके पडतात. पाणी खराब आहे का?

बहुधा खत कमी आहे. नवी पाने फिकट येत असतील तर लोह कमी, जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी, आणि जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडत असतील तर पोटॅशियम कमी, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. माशांच्या खाद्यातून नत्र आणि फॉस्फरस भरपूर मिळतात, परंतु पोटॅशियम आणि लोह कमी पडतात. त्यांच्या अभावी वाढ थांबते आणि पाण्यात नत्र असूनही उचलला जात नाही. त्यामुळे पाणवनस्पतींसाठीचे द्रवखत थोड्या प्रमाणात देणे हा शुद्धीकरणाचाच भाग आहे. कुंडीतील झाडांचे युरियायुक्त खत मात्र टाकीत कधीही घालू नये.

पाणी मुळीच बदलावे लागत नाही, हे खरे आहे का?

कमी बदलावे लागते. चांगल्या वाढीच्या टाकीत दोन ते तीन आठवड्यांनी एक-चतुर्थांश पाणी बदलणे पुरते. वनस्पती न वापरत असलेले क्षार आणि इतर द्रव्ये साचतच असतात, म्हणून पूर्ण बंद करू नये. पाणीकपात किंवा शटडाऊनच्या आठवड्यात बदल पुढे ढकलला तरी बिघडत नाही. काढलेले पाणी कुंड्यांना घालावे.

रोपांबरोबर आलेल्या गोगलगायी मारून टाकाव्यात का?

लहान गोगलगायी सडकी पाने आणि शेवाळ खातात. त्या राहू द्याव्यात. त्यांची संख्या भरमसाट वाढली तर खाद्य जास्त पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना मारण्यासाठी तांबेयुक्त औषध घालू नये. त्याने कोळंबी मरते, वनस्पतींना इजा होते आणि मेलेल्या गोगलगायी कुजून अमोनिया एकदम वाढतो.

पावसाळ्यात डासांची भीती असते. अशी टाकी ठेवावी का?

मासे असलेल्या टाकीत अळ्या वाचत नाहीत. गप्पी तर डासांच्या अळ्या नष्ट करण्यासाठीच विहिरींत आणि तळ्यांत सोडले जातात. धोका आहे तो मासे नसलेल्या बरण्यांना. मनीप्लांटची बाटली, जास्तीची रोपे ठेवलेली बादली आणि क्लोरीन उडण्यासाठी उघडे ठेवलेले पाणी यांत डेंग्यूचा डास अंडी घालू शकतो, कारण त्याला घरातील साचलेले स्वच्छ पाणी आवडते. बादलीवर पातळ कापड बांधावे आणि रोपांच्या बरणीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलून तिच्या कडा घासाव्यात.

येऊरच्या ओढ्यातून किंवा तलावातून रोपे आणता येतील का? आणि छाटलेला पाला तिथे टाकावा का?

दोन्ही करू नये. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तेथून वनस्पती काढणे कायद्याने निषिद्ध आहे. सह्याद्रीच्या पठारांवरचा वायतुरा हीदेखील पाण्यात वाढणारी देखणी वनस्पती आहे, पण ती दुर्मिळ आहे आणि तिची जागा पठारावरच आहे. तलावातून आणलेल्या रोपांबरोबर जळवा आणि रोगजंतूही घरात येतात.

टाकीतला पाला, तरंगत्या वनस्पती किंवा नकोसे झालेले मासे मासुंदा, उपवन किंवा कोणत्याही तलावात अथवा नाल्यात सोडणे याहून गंभीर आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने उल्हास नदीचे काय केले, ते कल्याणच्या पुलावरून कोणालाही दिसते. डकवीडचे एक पान निसटले तरी ते पसरू शकते. छाटलेला पाला उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत मिसळावा. त्यात माशांच्या खाद्यातला नत्र असतो आणि तुळशीपासून मोगऱ्यापर्यंत सर्वांना तो उपयोगी पडतो.

गणपतीला आठवडाभर गावी जायचे आहे. टाकीचे काय करावे?

निघण्याच्या चार दिवस आधी छाटणी करावी आणि एक-चतुर्थांश पाणी बदलावे. अगदी निघतानाच केले, तर काही बिघडल्यास ते पाहायला कोणी नसते. दिवा टायमरवर ६ तास ठेवावा आणि एअर पंप सतत चालू ठेवावा. वाढ झालेले निरोगी मासे आठवडाभर खाद्याविना राहतात, आणि वनस्पतींच्या टाकीत त्यांना शेवाळ व बारीक जीव खायला मिळतात. सुट्टीसाठी मिळणाऱ्या विरघळत्या खाद्याच्या वड्या घालू नयेत, कारण त्या पाणी खराब करतात. पिल्ले असतील आणि शेजाऱ्यांना किल्ली द्यायचीच असेल, तर एका वेळेचे खाद्य अशा वेगवेगळ्या पुड्या बांधून प्रत्येकीवर वार लिहावा आणि खाद्याचा डबा कपाटात बंद करून जावे.